गुरुवारच्या नऊ पिशव्या

बेलफास्ट
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय विलासमामा,

सविनय जय भीम.

पत्र मिळालं. नवीन हिअरिंग एड तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंत हे वाचून आधी हसले, मग चिडले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, व्हॉट्सॲप तुम्ही उघडत नाही, म्हणून चव्वेचाळीसाव्या वर्षी मी शाळेतल्यासारखी पत्रं लिहिते आहे. असो. मला आवडतं ते.

नव्या दुकानाचं विचारलंत. हॉथॉर्न इस्टेट म्हणजे बेलफास्टच्या कडेला टेकडीखाली बांधलेली सरकारी घरं. एक शाळा, तळलेल्या मासे-बटाट्याचं एक चिप शॉप, एक सट्ट्याचं दुकान आणि आमची फार्मसी. मालक मिस्टर ग्रीर. त्यांची अशी चार दुकानं आहेत, त्यातलं हे मी चालवते. इथले फूटपाथच्या कडेचे दगड ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात रंगवलेले, दिव्याच्या प्रत्येक खांबावर झेंडा, आणि दुकानासमोरच्या भिंतीवर तोंड झाकलेल्या दोन बंदूकधाऱ्यांचं दुमजली चित्र. सत्तावीस वर्षांपूर्वी इथे शांतता करार झाला तेव्हा या बंदूकधाऱ्यांच्या संघटनांनी बंदुका खाली ठेवल्या असं आपण ऐकलं होतं ना? संघटना गेलेल्या नाहीत. फक्त धंदा बदललाय.

काउंटरवरची लिन्डा इथे बावीस वर्षं आहे. तिच्या भावाच्या दोन्ही गुडघ्यांत या संघटनेने गोळ्या घातल्या होत्या, ड्रग्ज विकतो म्हणून. मी म्हटलं, म्हणजे ते ड्रग्जच्या विरोधात आहेत तर. लिन्डा हसली. "अगं बाई, ड्रग्ज विकल्याबद्दल नाही. त्यांना न विचारता विकल्याबद्दल."

आता माझ्या डोक्याला झालेला ताप सांगते. स्टुअर्ट नावाचा एक माणूस दर गुरुवारी येतो. पन्नाशीचा, स्वच्छ दाढी, नेहमी हसतमुख. कार्डावर लिहिलंय "कम्युनिटी वर्कर". लिन्डा म्हणते, तो त्या संघटनेचाच माणूस. म्हाताऱ्या, आजारी लोकांना चालवत नाही म्हणून तो त्यांची औषधं घेऊन जातो. नऊ जणांच्या नऊ पिशव्या. माझ्या आधीच्या फार्मसिस्टने त्या मुकाट्याने दिल्या, मीही दोन महिने दिल्या. मग एका गुरुवारी सहज पिशव्यांची लेबलं वाचली. नऊच्या नऊ पिशव्यांत प्रिगॅबलिन. नसांच्या दुखण्यावरच्या कॅप्सूल. खऱ्या रुग्णाला त्यांनी झोप लागते. रस्त्यावर लोक त्या मूठभर गिळतात, वर दारू किंवा दुसऱ्या गोळ्या, आणि श्वास थांबतो. इथे त्यांना मोठा बाजार आहे.

गेल्या गुरुवारी मी स्टुअर्टला सांगितलं, यापुढे रुग्णाने स्वतः यायचं, नाहीतर मी स्वतः घरी नेऊन देईन. तो हसला. म्हणाला, "तू नवीन आहेस, रचना." माझं नाव इथे कुणालाच नीट म्हणता येत नाही. त्याला आलं.

तुमची,
रचना


स्लाऊ
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय रचना,

जय भीम आणि आशीर्वाद.

उत्तम केलंस. नियम म्हणजे नियम. मी सव्वीस वर्षं बस चालवली, युनियनचं काम केलं, त्यातून एकच शिकलो. एकदा सूट दिली की समोरच्याला तो आपला हक्क वाटायला लागतो.

पण एक विचारतो. हा स्टुअर्ट आधीच्या फार्मसिस्टशीही असाच बोलायचा का? तो गोरा होता ना? "तू नवीन आहेस" या वाक्यात मला दुसरंच काही ऐकू येतं. एकोणऐंशी साली माझ्या बसमध्ये एक जण चढला आणि तिकिटाचे पैसे माझ्या हातात न देता पायाशी टाकले. तोही हसतच होता. अशी हसणारी माणसं मी ओळखतो.

पोलिसांना सांगितलंस का? नसेल तर लेखी सांग, आणि कॉपी ठेव.

विहारात रविवारी तीस-पस्तीस जण असतात. रीडिंगचा प्रज्ञेश आता संस्थेचं मीडियाचं काम बघतो, हुशार मुलगा आहे. तुझी आठवण सगळे काढतात. जावईबापू प्रबुद्धला आणि नात मायराला आशीर्वाद.

विलासमामा


बेलफास्ट
६ मार्च २०२५

आदरणीय मामा,

जय भीम.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

त्या गुरुवारनंतर दोन आठवडे नऊपैकी एकही रुग्ण आला नाही. मग मी एका संध्याकाळी स्वतः पिशव्या घेऊन निघाले. आठ दारं उघडली नाहीत. आत टीव्ही चालू होते. नववं दार मार्गारेटचं. एकोणऐंशी वर्षांची, नवरा शिपयार्डमध्ये होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. तिला तीन वर्षांपूर्वी नागीण झाली होती आणि बरगडीतली आग अजून गेलेली नाही. ब्लाऊजचं कापड लागलं तरी कळवळते. तिने मला आत घेतलं, चहा दिला आणि सांगितलं. स्टुअर्ट पिशवी आणतो, तिच्यासमोर उघडतो, रोजची एक याप्रमाणे सात कॅप्सूल तिच्या हातावर ठेवतो, बाकीच्या घेऊन जातो. डॉक्टरला "दुखणं वाढलंय" असं सांगायला त्यानेच लावलं, म्हणून डोस वाढला. वाढलेला सगळा डोस त्याचा. "तो माझे कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतो गं," ती म्हणाली. "बर्फ पडला की फरशीवर मीठ टाकतो. त्याला नाही कसं म्हणू?"

पोलिसांना मी सांगितलंय, मामा. एक डिटेक्टिव्ह बाई आली होती, पण माझ्यामुळे नाही. शेजारच्या गल्लीत एमा नावाची मुलगी सव्वीस फेब्रुवारीला घरात मेलेली सापडली. चोवीस वर्षांची. कॉटखाली आमच्या दुकानाचा प्रिगॅबलिनचा डबा होता, नावाची पट्टी खरवडलेली. दुकानाचं नाव आणि तारीख तेवढी शिल्लक. तारीख डिसेंबरची. म्हणजे ती पिशवी मी स्वतःच्या हाताने दिली होती.

एमाला मी ओळखत होते. डोळे आले होते म्हणून ड्रॉप्स न्यायला आली होती. मायरा काउंटरमागे सायन्सचा अभ्यास करत होती. हिच्या वयाची असताना मलाही सायन्स आवडायचं, एमा म्हणाली.

डिटेक्टिव्हला मी सगळं सांगितलं, स्टुअर्टच्या नावासकट. ती म्हणाली, "आम्हाला माहीत आहे. त्या नऊ जणांपैकी एक जण सही करून जबाब देईल का?"

तीन दिवसांपूर्वी सकाळी दुकानाच्या शटरवर पांढऱ्या स्प्रेने लिहिलेलं होतं, "फक्त स्थानिक." म्हणजे बाहेरच्यांनी चालतं व्हा. मिस्टर ग्रीरनी फोटो काढले, हळहळले, शटर रंगवून घेतलं. सगळे म्हणाले, वर्णद्वेष. मामा, तो रंग बघून मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण हे माझ्या कातडीमुळे नाही. माझ्या जागी गोरा असता तर त्याच्या गाडीचे टायर फोडले असते. माझ्यासाठी त्यांना सोयीचा शब्द सापडला, एवढंच. त्यांना त्यांच्या पिशव्या हव्या आहेत.

हात जोडून सांगते, हे विहारात किंवा कुठेही बोलू नका. इथे शब्द फार लवकर पोचतो. मार्गारेट एकटी राहते.

रचना


स्लाऊ
१५ मार्च २०२५

प्रिय रचना,

तुझं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही.

फक्त स्थानिक! दोन हजार पंचवीस सालात! तू म्हणतेस हे कातडीमुळे नाही. पोरी, आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलं गेलं की तुमच्यावरचा अन्याय हा अन्याय नाही, त्याला दुसरं काहीतरी कारण आहे. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते तेव्हाही कारणं होतीच. मी कौन्सिलमध्ये, डेपोत, मुलांच्या शाळेत, सगळीकडे हेच ऐकलं. "इट्स नॉट अबाउट रेस, विलास." प्रत्येक वेळी होतं.

ज्याला जे नाव आहे ते द्यायला शिक. बाबासाहेबांनी आपल्याला गप्प बसायला शिकवलेलं नाही.

तू घाबरू नकोस. तू एकटी नाहीस. एवढंच सध्या लिहितो.

विलासमामा


स्लाऊ
२ एप्रिल २०२५

प्रिय रचना,

हार्दिक अभिनंदन! तुझं उत्तर आलं नाही, पण त्याआधी प्रज्ञेशने कम्प्युटरवर बेलफास्टच्या वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. तुझ्या एका बाजूला कौन्सिलर, दुसऱ्या बाजूला इस्टेटचे प्रतिनिधी, तुझ्या हातात फुलांचा गुच्छ, आणि खाली लिहिलेलं, "हॉथॉर्नमध्ये द्वेषाला जागा नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता सांगायला हरकत नाही. तू नको म्हणाली होतीस, पण मला राहवलं नाही. सोळा मार्चला विहारात मी तुझी हकीकत मांडली. प्रज्ञेशने निवेदन तयार केलं, अडतीस जणांनी सह्या केल्या. पिनर, रीडिंग, पार लेस्टरहूनही. ते आम्ही तिथल्या रेडिओला आणि पेपरांना पाठवलं. बघ, दहा दिवसांत त्यांना वाकावं लागलं! संघटित आवाजाची ताकद ही अशी असते. त्या फोटोची मोठी प्रिंट काढून विहाराच्या नोटीस बोर्डावर लावली आहे. विहारातल्या वयस्कर गयाबाई त्याला नमस्कार करून गेल्या.

सविस्तर लिही. आता तरी हसरं लिही.

विलासमामा


बेलफास्ट
८ एप्रिल

डिअर आजोबा,

जय भीम. मी मायरा. माझी मराठी लिहिणं चांगला नाही, सॉरी. बाबाला विचारून लिहिते पण हे पत्र बाबाला नाही दाखवली.

आई तुम्हाला पत्र लिहित नाही कारण ती खूप अपसेट आहे. तुम्ही फोटो बघितला ना? ज्या माणसाने फुलं दिला तो स्टुअर्ट आहे. आई त्याच्याबरोबर उभी राहिली कारण मिस्टर ग्रीर आणि कौन्सिलर आणि फोटोवाला सगळे आधीच दुकानात आले होते आणि आईला कोणी विचारलं नाही. ती घरी आली आणि फुलं बिनमध्ये टाकली आणि मग हात धुतली, खूप वेळ.

माझ्या क्लासमध्ये हॉथॉर्नची दोन मुली आहे. त्या माझ्याशी बोलत नाही आता. एक म्हणाली तुझी मम्मी म्हणते आम्ही सगळे रेसिस्ट आहोत. आईने नाही म्हटला असं. मी सांगितला पण ती ऐकली नाही.

अजून एक गोष्ट. आई तुम्हाला सांगणार नाही. शनिवारी लेटरबॉक्समधून एक कार्ड आली. आईचा नाव होता. आतमध्ये छापलेला होता सॉरी फॉर युअर लॉस. पण आपल्याकडे कोणी मेला नाही. मी विचारलं तर आई म्हणाली चुकून आली असेल. बाबाने घराला कॅमेरा लावला.

प्लीज आईला सांगू नका मी लिहिलं. आणि प्लीज तो फोटो काढा.

मायरा


बेलफास्ट
१३ एप्रिल २०२५

मामा,

मायराच्या बॅगेत स्टॅम्पची पावती सापडली, म्हणून कळलं की तिने तुम्हाला लिहिलंय. काय लिहिलं ते तिने सांगितलं नाही, पण अंदाज आहे. मग आता माझ्याकडूनही ऐका.

तुमच्या निवेदनात लिहिलं होतं, "हॉथॉर्न इस्टेटमधल्या वर्णद्वेषी रहिवाशांनी आमच्या भगिनीला लक्ष्य केले आहे." रहिवाशांनी? मामा, रहिवाशांनी मला लक्ष्य केलं नाही. रहिवाशांनी शटर धुवायला बादल्या आणल्या. चिप शॉपच्या मुलाने घरून पाण्याचा फवारा मारायचं मशीन आणलं. आणि दोन-तीन आठवड्यांत रेडिओवर त्यांनी ऐकलं की ते सगळे गुन्हेगार आहेत. मार्गारेटने मला विचारलं, "तू असं सांगितलंस आमच्याबद्दल?" तिला काय उत्तर देऊ? तो मी नव्हे, माझा मामा? त्या दिवसापासून तिने दार उघडलेलं नाही.

आणि स्टुअर्टला तुम्ही काय दिलंत माहीत आहे? तो दोन दिवसांत कौन्सिलरला घेऊन आला. द्वेषाचा निषेध करायला! त्या बंदूकवाल्या संघटनेचा माणूस, ज्याच्याच पोरांनी शटर रंगवलं असणार, तो कॅमेऱ्यासमोर म्हणतो, या कुटुंबाच्या सुरक्षेची जबाबदारी आमची. फोटो काढताना माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "आता आपली दोस्ती झाली. गुरुवारपासून पूर्वीसारखं, ओके?" मिस्टर ग्रीरनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. "थोडं लवचिक राहा, रचना. ते आता आपल्या बाजूने आहेत."

माझ्या बाजूने! मी नाही म्हटलं, तर पुढचं काही झालं की ते वर्णद्वेषी टोळक्याचं काम ठरणार आणि स्टुअर्ट पुन्हा फुलं घेऊन येणार.

पण मला सगळ्यात जास्त राग याचा नाही. मी तुम्हाला चार पानं लिहिली होती. त्यात एमा होती. चोवीस वर्षांची मुलगी, माझ्या हातून गेलेल्या डब्याने मेली. तुम्ही तिच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. तुम्हाला फक्त शटरवरचे दोन शब्द दिसले.

तुम्ही मला या देशात आणलंत, परीक्षेची फी भरलीत, तुमच्या खोलीत मला झोपवून स्वतः सोफ्यावर झोपलात. म्हणून इतके दिवस हे लिहू शकले नाही. आज लिहिलं.

रचना


स्लाऊ
२७ एप्रिल २०२५

प्रिय रचना,

तुझं पत्र आल्या दिवशी फोटो उतरवला. प्रज्ञेशने कारण विचारलं. मी म्हटलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, पण काका, मुद्दा तर बरोबर होता. तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला आणि लाज वाटली.

मला कमी ऐकू येतं ते फोनवर. पत्रात तर सगळं लिहिलेलं होतं.

तुझं सहा मार्चचं पत्र पुन्हा वाचलं. एमा डोळ्यांचे ड्रॉप्स न्यायला आली होती, हे वाक्य मी पहिल्या वेळी वाचलंच नव्हतं असं वाटलं. वाचलं असणार, पण पुढच्या पानाची घाई होती. मला माझी जुनी लढाई पुन्हा लढायची होती, रचना. ती मला येते. ही नवी मला कळत नाही. ज्यांनी बंदुका समाजाच्या रक्षणासाठी उचलल्या असं सांगितलं, तेच समाजाच्या म्हातारीच्या हातातली गोळी काढून तिच्या शेजारच्या पोरीला विकतात आणि वर तिच्या फरशीवर मीठही टाकतात. हे कुठल्या घोषणेत बसवायचं?

मी मार्गारेटबाईंना एक पत्र लिहिलं आहे, इंग्रजीत. लिहिलंय की ते शब्द माझे होते, रचनाचे नव्हते, आणि मी त्यांच्या इस्टेटमधल्या एकाही माणसाला न भेटता ते लिहिले. सोबत ठेवतोय. योग्य वाटलं तर दे, नाहीतर फाडून टाक. या वेळी तू ठरव.

मायराचं पत्र मला फार आवडलं. तिच्या व्याकरणाला कुणी हसू नका.

विलासमामा


बेलफास्ट
२२ जून २०२५

आदरणीय मामा,

जय भीम.

तुमचं पत्र मी मार्गारेटच्या दारातून आत टाकलं. चार दिवसांनी ती स्वतः चालत दुकानात आली. काठी टेकत, वाटेत दोनदा भिंतीला टेकून. म्हणाली, "तुझ्या मामाचं अक्षर सुंदर आहे. आणि माणसाने इतकी सरळ माफी मागितलेली मी या इस्टेटमध्ये कधी पाहिली नाही." बस्स. बाकी काही नाही.

ती चालत आली, त्यावरूनच मला सुचलं. मी इस्टेटच्या फॅमिली डॉक्टर बाईंना भेटले. आधी त्या वेळ देईनात, मग मी एमाच्या डब्याची तारीख आणि त्या नऊ जणांची प्रिस्क्रिप्शन्स त्यांच्या टेबलावर ठेवली. वाढलेल्या प्रत्येक डोसखाली त्यांची सही होती. शेवटी ठरलं. नऊही जणांना आठवड्याची पिशवी बंद. रोज एका दिवसाचं औषध, दुकानात येऊन, माझ्यासमोर घ्यायचं. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांच्या घरी डिस्ट्रिक्ट नर्स जाईल. म्हणजे स्टुअर्टने हिसकावायला हातात काही उरतच नाही.

पाच आठवडे हे चाललं. पहिल्या दिवशी तिघं आले, मग पाच, मग सात. दोघांना नर्स. कुणी माझ्याशी बोलायचं नाही. ग्लासभर पाणी, कॅप्सूल, आणि दाराकडे बघत बाहेर. एक आजोबा माझ्यावर ओरडले, तुझ्यामुळे मला रोज हा डोंगर चढावा लागतो. ते खरंच होतं. मी त्यांची क्षमा मागितली.

स्टुअर्ट एकदाच आला. पिशवी मागितली नाही. भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून म्हणाला, "यांनी या लोकांसाठी जीव दिला. तू त्यांना लहान मुलांसारखं रांगेत उभं करतेस." मी म्हटलं, "एमासाठी कुणी काय दिलं?" पहिल्यांदाच त्याचं हसू गेलेलं पाहिलं.

दहा दिवसांपूर्वी मिस्टर ग्रीरनी मला बोलावलं. व्यावसायिक कारणांसाठी माझी बदली त्यांच्या शहरातल्या दुकानात. सोमवारपासून. मी म्हटलं, कारण सांगा. ते म्हणाले, "माझी चार दुकानं आहेत. चार काचा आहेत. मला मुलं आहेत." मी म्हटलं, मलाही एक मुलगी आहे. वाईट माणूस नाही तो. याचीच चीड येते. सगळं वाईट न-वाईट माणसांच्या मदतीने चालतं इथे.

लिन्डा सांगते, नव्या फार्मसिस्टने डॉक्टरांना कळवलंय की रोज औषध पाजायला त्याच्याकडे स्टाफ नाही. पुढच्या गुरुवारपासून पुन्हा पिशव्या. चार महिने झगडून मी एक इंच पुढे आले होते. तो इंचही गेला.

रचना


स्लाऊ
१ जुलै २०२५

प्रिय रचना,

सल्ला देणार नाही, एक माहिती देतो. पिनरमधल्या एका फार्मसीत जागा आहे. मालक आपल्या ओळखीचे. मायराच्या शाळेचीही सोय होईल. माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत.

पूर्वी मी म्हटलं असतं, मैदान सोडू नकोस. आता तसं म्हणत नाही. मैदानात तू उभी आहेस, मी नाही. मायराने सांगितलेल्या त्या शोकाच्या कार्डावर तुझं नाव होतं.

आलीस तर स्टेशनवर येईन. नाही आलीस तर पत्र लिहीन.

विलासमामा


बेलफास्ट
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,

जय भीम.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण पोलिसांकडून लिहायची परवानगी नव्हती. आताही थोडं हातचं राखूनच लिहिते आहे.

जुलैच्या शेवटी मी नव्या दुकानात होते. शहराच्या मधोमध, ऑफिसची माणसं, परागांच्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि सनक्रीम. मंगळवारी साडेदहाला मार्गारेट आत आली. दोन बस बदलून. कोट घातलेला, लिपस्टिक लावलेली, आणि दुखण्याने चेहरा राखेसारखा. मला वाटलं औषध न्यायला आली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती म्हणाली, "नको. जेवायच्या सुट्टीत तू मला त्या डिटेक्टिव्हकडे नेशील का?"

मी सुट्टीची वाट पाहिली नाही. टॅक्सीत तिने सांगितलं. स्टुअर्ट पुन्हा गुरुवारी आला, सात कॅप्सूल तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "बघ, सगळं परत पूर्वीसारखं झालं." तिने मुठीकडे पाहिलं आणि तिला एमाची आजी आठवली. दोघी एका मिलमध्ये कामाला होत्या. "पूर्वीसारखं," ती म्हणाली. "पोरगी कबरीत आहे आणि हा म्हणतो पूर्वीसारखं."

जबाबाला अडीच तास लागले. डिटेक्टिव्हने समजावलं की कोर्टात पडद्यामागून बोलता येईल, नाव बाहेर येऊ नये म्हणून अर्ज करता येईल. मार्गारेट म्हणाली, "एमाचं नाव पेपरमध्ये आलं होतं. माझंही येऊ दे." आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, म्हणून पुन्हा नीट सही करू द्या म्हणाली. त्यांनी सांगितलं, चालेल. ती म्हणाली, "मला चालणार नाही."

पुढचं ऐकून खूश होऊ नका. स्टुअर्टला ऑगस्टमध्ये पकडलं, घरात साडेसहाशे कॅप्सूल सापडल्या. चार लोकांच्या नावांची लेबलं. आठवड्याभरात तो जामिनावर बाहेर. केस पुढच्या वर्षी उभी राहील, असं म्हणतात. बाकीच्या आठ जणांपैकी एकानेही जबाब दिलेला नाही. संघटनेने पत्रक काढलं की स्टुअर्टशी आमचा संबंध नाही, आम्ही ड्रग्जच्या विरोधात आहोत. भिंतीवरच्या चित्राला नवा रंग दिलाय म्हणे. पण डॉक्टर बाईंनी या वेळी नव्या फार्मसिस्टचं ऐकलं नाही. रोजचं औषध पुन्हा सुरू झालंय, आणि ते लिन्डाच्या देखरेखीखाली. तिने स्वतः मागून घेतलं.

मार्गारेटला मात्र घर सोडावं लागलं. पोलिसांनी एका रात्रीत हलवलं, समुद्राकाठच्या एका गावी. कुठे ते मलाही पक्कं सांगितलेलं नाही. बावन्न वर्षांचं घर. पडदेसुद्धा राहिले तिथेच.

पिनरचं मी ठरवलं नाही. प्रबुद्ध म्हणतो जाऊ या. मायरा म्हणते, तिच्या वर्गातली एक मुलगी आता तिच्याशी बोलते, लगेच जायचं नाही. केस उभी राहीपर्यंत मला हलता येणार नाही, साक्षीदारांत माझंही नाव आहे. त्यानंतर बघू. मी दमले आहे, मामा. रोज सकाळी बॉम्बच्या भीतीने गाडीखाली वाकून बघायची सवय लागली आहे, आणि त्या सवयीची मला भयंकर चीड येते.

काल मार्गारेटचा फोन आला, नंबर न दिसणारा. समोर समुद्र आहे, वारा फार आहे, नव्या गावात कुणी ओळखीचं नाही, चहा भलताच पातळ मिळतो, असं सगळं सांगत होती. दुखणं आहे तसंच आहे. मला राहवलं नाही. विचारलं, "हे सगळं करून काही मिळालं असं वाटतं का तुम्हाला?"

ती म्हणाली, "ऐंशीची झाले की विचार."

तिला एकवीस नोव्हेंबरला ऐंशी पूर्ण होतात. तिचा नंबर माझ्याकडे नाही. फोन तिनेच करायचा आहे.

तुमची,
रचना